मुलगा बिल नव्हे, मल्गा बिल: बुश पोएट्री पाठ करतानाच्या नोंदी

कुणाला हेच करायचं असेल, म्हणजे ऑस्ट्रेलियातली बुश पोएट्री (बुश म्हणजे शहराबाहेरचा रानाचा, गावाकडचा भाग, तिथल्या जगण्यावरच्या कविता) पाठ करायची असेल, तर त्याचे दोन महिने वाचावेत म्हणून या नोंदी टाकतोय, माझे गेले ते गेले. मी मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो, येऊन नऊ वर्षं झाली. डिसेंबरमध्ये ऑफिसातले एक गृहस्थ रिटायर झाले. केक कापल्यावर भाषण करायचं सोडून त्यांनी उभ्या उभ्या एक भलीमोठी कविता तोंडपाठ म्हटली, हातात कागद नाही की मोबाईल नाही, आणि एरवी स्प्रेडशीटशिवाय तोंड न उघडणारी मंडळी मधेच त्यांच्याबरोबर ओळी पुऱ्या करायला लागली. मला निम्मे शब्द कळले नाहीत पण घोडा उतारावरून सुटलाय एवढं नक्की कळलं. नंतर विचारलं तर ती बँजो पॅटरसनची 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर' निघाली, १८९० साली सिडनीच्या 'बुलेटिन' साप्ताहिकात पहिल्यांदा आलेली.

टार्गेट असं: जुन्या पुस्तकातून ती पाठ करायची आणि एखाद्या पोएट्स ब्रेकफास्टला म्हणायची. पोएट्स ब्रेकफास्ट म्हणजे इथल्या फोक आणि कंट्री म्युझिकच्या फेस्टिव्हलमध्ये सकाळी भरणारी मैफल. लोक कॉफी आणि अंड्याचा रोल घेऊन बसतात आणि एकेक जण पुढे येऊन कविता म्हणतो. टॅमवर्थला जानेवारीत आणि कॅनबेराला ईस्टरमध्ये मोठे भरतात, छोट्या गावांतून लहान लहान होतच असतात.

११ जानेवारी, शनिवार

तीन ऑप शॉप, म्हणजे जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकानं, पालथी घातली. पहिला धडा, कवितेचं शेल्फ शोधू नका, ते नसतंच. बुश पोएट्री 'ऑस्ट्रेलियाना' नावाच्या खणात असते, क्रिकेटपटूंची आत्मचरित्रं आणि केकच्या पुस्तकांच्या मधे कुठेतरी खुपसलेली. तिसऱ्या दुकानात हेन्री लॉसनचं 'व्हाइल द बिली बॉइल्स' चार डॉलरला दिसलं, लॉसन हे नाव कवी म्हणून ऐकलेलं होतं, म्हटलं आण. घरी येऊन उघडलं तर एकही कविता नाही, सगळ्या गोष्टी. १८९६ चं गद्य पुस्तक आहे ते. बिली म्हणजे शेकोटीवर चहा उकळायचा पत्र्याचा डबा, हे तेवढं पदरात पडलं. गोष्टी मात्र झकास आहेत, त्यामुळे चार डॉलर वाया गेले असं म्हणणार नाही, दुपार गेली.

१९ जानेवारी, रविवार

पॅटरसन सापडला, म्हणजे ही कविता असलेला त्याचा संग्रह. सेकंड हँड पुस्तकांच्या दुकानात, जाड पुठ्ठ्याचा, १८ डॉलर. आतल्या कोऱ्या पानावर कुठल्याशा शाळेने कुणाला तरी बक्षीस दिल्याचं शाईत लिहिलंय. काउंटरवरच्या बाईंनी एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये निघाली आणि आठवड्यात संपली. कवी पेशाने वकील, 'बँजो' हे एका घोड्याचं नाव, तेच टोपणनाव म्हणून घेतलेलं. मग त्यांनी गल्ल्यातून दहाची नोट काढून दाखवली, तिच्यावर पॅटरसन आहे हे मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं. घरी आल्यावर भिंग लावून बघितलं तर नोटेवर इतक्या बारीक अक्षरात त्याच कवितेच्या ओळी छापल्यात की नुसत्या डोळ्यांना ती रेघच वाटते. त्याच्या आधीच्या कागदी दहाच्या नोटेवर, १९६६ पासून, लॉसन होता. म्हणजे या लोकांनी दहाची नोट कवींनाच आळीपाळीने देऊन टाकलीय.

आता चूक. पुस्तकाची पाठ सुटत होती म्हणून मी त्याच रात्री सेलोटेप मारली. करू नका. दोन दिवसांनी पुस्तकात कसर दिसली म्हणून आतून नीट साफ करायला टेप काढली तर तिच्याबरोबर कापडाचा रंगच निघून आला.

कसरीवर उपाय: पुस्तक झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये, काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर पानांवर दव धरतं. मग पाठीसाठी मैद्याची पातळ खळ शिजवली, आजोबा वह्या बांधायला करायचे तशी, जाडसर हातकागदाची पट्टी आतून लावली आणि दोन फळ्यांमध्ये धरून वर दहा किलो बासमतीची पिशवी ठेवली. एक रात्र. छान बसली. खर्च शून्य, बायकोचे टोमणे वेगळे, कारण फ्रीजरमध्ये वाटाण्याशेजारी पुस्तक.

२७ जानेवारी, सोमवार

लाँग वीकेंड. पुस्तक फ्रीजरमध्ये असल्याने कविता प्रिंटआउटवर वाचायला घेतली. पहिल्याच ओळीत घसरलो. 'देअर वॉज मूव्हमेंट ॲट द स्टेशन', माझ्या डोळ्यांसमोर थेट रेल्वे स्टेशन, हमाल, गर्दी, गाडी येतेय. ऑस्ट्रेलियात स्टेशन म्हणजे मैलोन्मैल पसरलेलं गुरांचं किंवा मेंढ्यांचं कुरण, मालकाच्या घरासकट. दुसरी ओळ, 'द कोल्ट फ्रॉम ओल्ड रिग्रेट', याचा अर्थ मी जुन्या पश्चात्तापातून आलेलं शिंगरू असा लावून त्यावर दहा मिनिटं खोल विचार केला. रिग्रेट हे त्याच्या वंशातल्या घोड्याचं नाव आहे, संपलं. आणि 'क्रॅक्स' म्हणजे भेगा नाहीत, नामांकित घोडेस्वार.

एकदा हे कळलं की गोष्ट सरळ आहे. हजार पौंडांचं शिंगरू पळून रानटी घोड्यांच्या कळपात मिसळलंय, पंचक्रोशीतले सगळे स्वार जमलेत. त्यात एक पोरगेला मुलगा आहे, त्याचं घोडं इतकं किडकिडीत की म्हातारा मालक त्याला सांगतो तू मागे थांब. क्लॅन्सी नावाचा नामांकित स्वार त्याची बाजू घेतो. डोंगरमाथ्यावरून कळप पलीकडे उतरतो तेव्हा क्लॅन्सीसुद्धा लगाम खेचतो, खाली वॉम्बॅटची बिळं आहेत, पाय अडकला की मेलाच. आणि पोरगा घोडं घालतो.

अर्थ आधी लावा, पाठांतर नंतर. मी हे उलटं करणार होतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

क्लून्सला गेलो. बॅलारॅटच्या पुढे अर्ध्या तासावर सोन्याच्या खाणींचं जुनं गाव, पुस्तकांचं गाव म्हणून नाव आहे. कारने जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर. मी समजत होतो गावभर पुस्तकंच पुस्तकं असतील. तशी असतात, पण वर्षातून एकदा जत्रा भरते तेव्हा. एरवी शनिवारी रस्ता सुनसान, मोजकी दुकानं, कुत्रा पण झोपलेला. तारीख न बघता निघालो हा माझाच गाढवपणा.

तरी रिकाम्या हाती नाही आलो. सी. जे. डेनिसचं 'द साँग्ज ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक' मिळालं, १९१५ चं पुस्तक, पण माझ्याकडची प्रत छोटी, खिशात मावणारी. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना पाठवता यावी म्हणून खास हा आकार काढला होता. तळहाताएवढं पुस्तक हातात घेतल्यावर मी ३५ डॉलर दिले, घासाघीस न करता. कामाच्या दृष्टीने चूकच. एक तर ते बुश नाही, मेलबर्न शहराच्या गल्लीबोळातलं आहे, आणि भाषा अशी की मागे शब्दार्थ दिलेत तरी ओळीगणिक अडतं. पाठ करायला शून्य उपयोग. विकणार नाही पण.

येताना बॅलारॅटच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये ॲडम लिंडसे गॉर्डनची झोपडी आहे ती बाहेरून बघितली. या सगळ्या प्रकाराचा हा आद्य माणूस, स्वतः पट्टीचा घोडेस्वार. 'बुश बॅलड्स अँड गॅलपिंग ऱ्हाइम्स' हे पुस्तक १८७० च्या जूनमध्ये निघालं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने ब्रायटनच्या झुडपांत जाऊन स्वतःला गोळी घातली. गाडीत बसल्यावर बराच वेळ रेडिओ लावला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाठांतर सुरू. १३ कडवी, प्रत्येकी आठ ओळी, एकूण १०४. रोज चार ओळी, ट्रेनमध्ये जाताना चार आणि येताना त्याच, २६ दिवसांत खलास असा हिशोब.

पहिल्या आठवड्यातच हिशोब कोलमडला. कारण रोज पहिल्यापासून सुरुवात करायचो, त्यामुळे पहिलं कडवं शंभर वेळा झालं, पाचवं तीन वेळा. पहिली दोन कडवी झोपेत म्हणीन आणि पुढे सगळा चिखल. मग उलटं केलं. शेवटचं कडवं आधी, मग बारावं आणि तेरावं, मग अकरावं, बारावं, तेरावं. असं केलं की म्हणताना आपण कच्च्याकडून पक्क्याकडे जातो, धीर येतो. याचा एक तोटा आहे, तो मला ३० मार्चला भर सभेत कळला, खाली येईलच.

दुसरी चूक, ऑनलाइन एकाच माणसाचं रेकॉर्डिंग ऐकून ऐकून पाठ करत होतो. तो एका ठिकाणी प्रेक्षक हसतात म्हणून थांबतो. मीही तिथे थांबायला लागलो. रिकाम्या बेडरूममध्ये. किमान तीन जणांची ऐका, म्हणजे कुणाचीच लकब चिकटत नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आजचा दिवस या सगळ्यातला सगळ्यात कामाचा. तोपर्यंत ओळी येत होत्या पण ऐकायला रेल्वेची अनाउन्समेंट वाटायची. टेबलावर हात आपटत म्हणून बघत होतो तेवढ्यात कराडहून आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"काय रे, पोवाडा का?"

"नाही गं, इंग्रजी कविता आहे."

"मग टेबल कशाला बडवतोयस? आणि लहानपणी श्लोक म्हणायचास तसंच म्हणतोयस, एकेक अक्षर मोजून, जसं काही रेशन वाटतोयस."

रेशन! तेच होत होतं. आपल्या वृत्तात लघु-गुरूचा हिशोब असतो, प्रत्येक अक्षराला त्याचं माप मिळतंच मिळतं, आणि तीच सवय मी इथे लावली होती. 'वॉज', 'ॲट', 'द' या सगळ्यांना मी मान देत होतो. इंग्रजीत मान फक्त ठोक्याला, मधली अक्षरं गिळायची. पहिल्या ओळीत ठोके फक्त चार: मूव्हमेंट, स्टेशन, वर्ड, अराऊंड. दुसऱ्या ओळीत तीन: कोल्ट, रिग्रेट, अवे. चार-तीन, चार-तीन, अख्खी कविता अशी जाते, आणि दोन ठोक्यांच्या मधे साधारण तीन हलकी अक्षरं भरभर पळतात. टापा त्याच आहेत. पेन्सिल घेऊन १०४ ओळींवर ठोक्यांच्या खुणा केल्या (प्रिंटआउटवर, पुस्तकावर नाही), दोन तास लागले आणि दोन आठवड्यांचं काम झालं. कविता डोळ्यांनी वाचताना मला ही कधी सापडलीच नसती.

आईला परत म्हणून दाखवलं. म्हणाली, "आता पळतंय. पण डफ हवाच होता."

२ मार्च, रविवार

एका पबच्या मागच्या खोलीत कविता म्हणायची बैठक असते तिथे नुसता ऐकायला गेलो. वीसेक माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, मी एकटाच देशी. एका आजींनी 'सेड हॅनराहन' म्हटली, १९२१ च्या 'अराऊंड द बोरी लॉग' या पुस्तकातली. लिहिणारा कॅथलिक पाद्री, जॉन ओब्रायन हे टोपणनाव. हॅनराहन चर्चबाहेर उकिडवा बसून रडगाणं गातो: पाऊस नाही, आपण सगळे बुडणार. पाऊस पडतो, थांबतच नाही, आता पुरात बुडणार. मग गवत गुडघाभर वाढतं, आता वणव्यात बुडणार. असा एक काका आमच्या प्रत्येक गावात पारावर बसलेला असतो, मी इतका हसलो की आजींनी माझ्याकडे बघूनच शेवट केला.

इथे दाद द्यायची पद्धत वेगळी, हे आधी सांगतो म्हणजे घाबरणार नाही. मधे 'क्या बात है' नाही, वन्स मोअर नाही. विनोदाला हसतात, बाकी पूर्ण शांतता, शेवटी टाळ्या. आपल्याला वाटतं आपण पडलो.

मध्यंतरात एका म्हाताऱ्या गृहस्थांना पहिली दोन कडवी म्हणून दाखवली, ऑस्ट्रेलियन हेल काढून. ते म्हणाले, "मेट, तू ओळ संपली की थांबतोस. घोडा कुठे थांबतो?" हेलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, पण स्वतःचं स्वतःला इतकं खोटं ऐकू आलं की तो मी तिथेच सोडला.

त्यांनीच पॅटरसन आणि लॉसनच्या भांडणाचा किस्सा सांगितला. १८९२ मध्ये दोघं 'बुलेटिन'मध्ये एकमेकांना कवितेतून ठोकत होते. लॉसन म्हणे बुश म्हणजे धूळ, माश्या, उपासमार. पॅटरसन म्हणे तू शहरातच बरा. खरं तर सिडनीत वकिली करणारा पॅटरसन, आणि बुशमध्ये गरिबीत वाढलेला लॉसन. पुढे पॅटरसननेच लिहून ठेवलंय की हे ठरवून केलं होतं, दोघांना छापलेल्या मजकुरावर पैसे मिळायचे.

९ मार्च, रविवार

घड्याळ लावून म्हटली: सात मिनिटं दहा सेकंद. ज्या ब्रेकफास्टला नाव द्यायचं होतं तिथे माणशी पाच मिनिटं. हे मी पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पळवून म्हटली तर सहा वीस, आणि ऐकणाऱ्याला काही कळेना. तीन आठवडे उरलेले.

बदल: पहिल्या वेळी छोटी आणि विनोदी. 'मल्गा बिल्स बायसिकल', पॅटरसनचीच, १८९६ ची. हिचं १९७३ चं चित्रांचं पुस्तक, किल्मेनी आणि डेबोरा नायलंड या जुळ्या बहिणींनी काढलेलं, मुलीसाठी दोन डॉलरला आणून ठेवलेलं होतं, आधीच्या कुणा पोराने सायकलला जांभळा खडू फासलेला. मुलीने स्पेलिंग बघून वाचलं 'मुलगा बिल', आणि खरं सांगतो, मीही तोवर मनात मुलगा बिलच म्हणत होतो. उच्चार मल्गा. कोरड्या प्रदेशात उगवणारं बाभळीच्या जातीचं झाड आहे ते. घरात अजून मुलगा बिलच चालतं.

ठोके इथे सोपे, ओळीला सात, चौथ्यानंतर किंचित दम. गावांच्या नावांनी मात्र वेळ खाल्ला. 'कॅसलरे'च्या स्पेलिंगमधला 'टी' आणि शेवटचा 'जीएच' मी दहा दिवस इमानदारीत उच्चारत होतो.

१६ मार्च, रविवार

मल्गा बिल ईगलहॉकचा, म्हणून ट्रेनने ईगलहॉक. बेंडिगोला लागून आहे, मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून दोन तासांच्या वर, वीकेंडचं तिकीट दिवसभराचं तेव्हा आठ डॉलरच्या आत पडलं. गावात बघायला गेलोच नव्हतो, जाता-येता चार-साडेचार तास म्हणायला मिळतात हा खरा फायदा. डबा रिकामा होता. कविता ३० वेळा झाली. स्टेशनाबाहेर उभं राहून एकदा मोठ्याने म्हटली, सायकलवरून जाणाऱ्या एकाने घंटी वाजवली, बस.

३० मार्च, रविवार

गावाचा छोटा हॉल, घरून दीड तास, प्रवेश पाच डॉलर, रोल आणि कॉफी १४. माझा नंबर सहावा.

सुरुवात छान. बिल इमानी घोडा हाकलतो, सायकलचे कपडे घालतो, चकाचक मशीन विकत घेतो, दुकानातला पोऱ्या विचारतो चालवता येते का, बिल बढाया मारतो. लोक हसले. आणि हसण्यात माझा धागा तुटला. पुढची ओळ येईना. उलट्या क्रमाने पाठ केलेलं असल्यामुळे डोक्यात सगळ्यात पक्कं होतं ते शेवट, तर मी थेट शेवटच्या भागात उडी मारली. बिल ओढ्यातून नखशिखांत भिजून बाहेर येतोय, सायकल तळाशी, घोड्याची पाठच बरी म्हणतोय.

शांतता. मग मागून एक बाई, अगदी प्रेमाने: "पण तो बसला कधी सायकलवर?"

सगळा हॉल हसला, मी पण. म्हटलं थांबा, बसवतो. आणि परत मागे जाऊन उतार, झाडं, खडक, सगळं म्हटलं आणि त्याला दुसऱ्यांदा ओढ्यात घातलं. पाच मिनिटांच्या आत बसलं हे नशीब.

काय चुकलं ते संध्याकाळी सापडलं. कडवी पक्की होती, सांधे कच्चे होते. आता प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली ओळ अशा जोड्या कार्डांवर लिहिल्यात, नुसत्या जोड्या म्हणतो, ट्रेनमध्ये फेरीला दोनदा.

१२ एप्रिल, शनिवार

'स्नोई रिव्हर' परत घेतली. त्या हॉलवाल्यांनी सांगितलं की दुपारच्या सत्रात दहा मिनिटं देतात, कुणी विचारत नाही म्हणून बोर्डावर लिहीत नाहीत. पुस्तक फ्रीजरमधून कधीच बाहेर आलंय, पाठ धरून आहे. सांध्यांच्या १२ जोड्यांपैकी दहा पक्क्या झाल्या. नववं ते दहावं आणि दहावं ते अकरावं या दोन अजून सुटतात, म्हणजे नेमका उतारच.